जमीन आणि जामीन

बीड शहराच्या दक्षिणेला चौदा-पंधरा किलोमीटरवर करझणी नावाचं गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर एक जुनं दगडी बांधकाम आहे. समाधी म्हणा, कबर म्हणा. आत मात्र माणूस नाही. परंपरा सांगते की तिथे दिल्लीच्या सुलतानाचा एक दात पुरलाय.

महंमद तुघलक तेलंगणच्या मोहिमेवर गेला होता. लष्करात साथ पसरली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि दौलताबादच्या वाटेला लागला. १३३५ च्या आसपासची गोष्ट. बीडजवळ मुक्काम असताना त्याचा दुखरा दात पडला. सुलतानानं तो मोठ्या इतमामानं दफन करवला. गावगप्पा म्हणून सोडून दिलं असतं, पण फिरिश्ता या इतिहासकारानं ते लिहून ठेवलंय. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशहांच्या आणि मग विजापूरच्या पदरी होता, म्हणजे हा मुलूख त्याच्या पायाखालचा.

चढणीवर शेळ्या राखणारे एक आजोबा भेटले. माझ्या खांद्यावरची पिशवी बघून म्हणाले, "दात बघायला आलाव का? वर काय न्हाई बघा. पर वारं चांगलं येतं."

वारं खरंच चांगलं होतं. खाली सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, कपाशीला बोंडं धरली होती. दगडाला टेकून बसलो आणि मनातल्या मनात संपादकांना दोन शब्द ऐकवले. 'सत्ता आणि श्रद्धा' असा विषय देऊन ते मोकळे झाले होते; मध्ययुगात धर्माच्या आधारानं राज्यं कशी उभी राहिली ते बीड जिल्ह्यात हिंडून लिहा, म्हणाले. विषय परिसंवादात शोभणारा, आणि माझ्या हाती लागला होता एक दात.

पण बसल्या बसल्या वाटायला लागलं की सुरुवात इथूनच करावी. परक्या मुलखात आलेल्या राजाला तिथल्या मातीत आपलं काहीतरी पुरावंसं का वाटलं असेल? किल्ला जिंकता येतो, खजिना लुटता येतो. पुढच्या वर्षी त्याच गावातून पुन्हा सारा यायला हवा असेल तर मात्र तिथल्या लोकांना पटेल असा कुणीतरी मध्ये लागतो. आपल्याकडे व्यवहारात अशा माणसाला जामीन म्हणतात. शब्द अरबीतून आला, जमीन फारसीतून. दोन्ही आपल्याकडे आले ते याच काळात, याच सुलतानांच्या कारभारातून. पुढचे आठ-दहा दिवस मी जिल्ह्यात हिंडलो आणि जिथे गेलो तिथे हीच जोडी भेटत राहिली.

भाकरीचं छत्र

१३२७ मध्ये तुघलकानं देवगिरीला दुसरी राजधानी केली. त्याला वेडा ठरवण्यासाठी शाळेत हीच गोष्ट सांगतात. दिल्लीहून फक्त कारकून आणि शिपाई आले नाहीत, काझी आले, विद्वान आले, सूफी आले. पुष्कळांना यायचं नव्हतं. पण सुलतानाचा हिशेब साफ होता: ज्या भूमीत आपल्या अवलियांच्या कबरी नाहीत, जिथे गुरुवारी कुणी दिवा लावत नाही, ती भूमी आपली होत नाही. खुलताबाद आज संतांच्या कबरींनी भरलेलं दिसतं, त्याची सुरुवात ही.

बीडमध्ये शहेंशाहवलींचा दर्गा त्याच लाटेतला. चिश्ती परंपरेतले हे सूफी तुघलकाच्या काळात दख्खनेत आले असं मानतात. शहराच्या पूर्वेकडच्या उंचवट्यावर दर्गा आहे. आवारातल्या इमारती वेगवेगळ्या पिढ्यांनी बांधलेल्या, एका ठिगळाला दुसरं जोडत गेलेल्या. मी गेलो तेव्हा कट्ट्यावर दोन बायका नारळाच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. एकीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. लेकाचं लग्न ठरत नव्हतं म्हणून आल्या होत्या. मी विषय वाढवला नाही. इथल्या दर्ग्यांत हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की त्यावरून ऐक्याची भाषणं ठोकणाऱ्यांची मला गंमत वाटते.

सूफी आणि सुलतान यांचं नातं तसं अवघडच. चिश्तींचा दंडक असा की राजाच्या दारी जायचं नाही. राजानं आपल्या दारी आलेलं मात्र चालतं, आणि राजे येत. दख्खनेतल्या बहमनी राज्याची जन्मकथाच अशी आहे. दिल्लीत निजामुद्दीन अवलियांकडून महंमद तुघलक जेवून बाहेर पडला, तेवढ्यात दारात हसन नावाचा एक साधा शिपाईगडी उभा. अवलिया म्हणाले, एक सुलतान गेला, दुसरा आलाय. जेवण संपलं होतं. त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली भाकरी बोटाच्या टोकावर धरून त्याला दिली: हे घे दख्खनच्या राज्याचं छत्र. त्याच हसननं १३४७ मध्ये दौलताबादेत तुघलकाविरुद्ध उठलेल्या सरदारांचं पुढारपण घेतलं आणि बहमनी गादी स्थापली.

कथा खरी का खोटी हा प्रश्न इथे बिनकामाचा. बंडखोराला दिल्लीच्या सुलतानापेक्षा वरच्या कुणाची तरी सही हवी होती. ती भाकरीवर मिळाली. पुढे गुलबर्ग्यात सूफी संत बंदेनवाज गेसूदराज आणि सुलतान फिरोजशहा बहमनी यांचं बिनसलं, तेव्हा गेसूदराजांचा आशीर्वाद सुलतानाच्या भावाला मिळाला, आणि १४२२ मध्ये तो भाऊ, अहमदशहा, गादीवर बसला. त्यानं राजधानी बीदरला नेली. बीदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे. मुसलमान त्याला वली म्हणतात, तर लिंगायत त्याला अल्लमप्रभूंच्या जागी मानतात. जामीन देता देता सुलतान स्वतःच लोकांचा जामीन होऊन बसला!

देवानं भरलेली बाकी

हे सगळं मुसलमानी राज्यांनी आणलं असं वाटत असेल तर अंबाजोगाईला जावं. योगेश्वरीच्या दर्शनाला येणारे क्वचितच वाट वाकडी करून बाराखांबीला जातात. सकलेश्वराचं मंदिर ते. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईत सापडले. सकलेश्वराचा शके ११५० चा, म्हणजे १२२८ सालचा. खोलेश्वर ब्राह्मण, पण हाती तलवार. मुलूख जिंकायचा, मंदिर बांधायचं, ब्राह्मणांना अग्रहार द्यायचे, गावाचं उत्पन्न देवाला लावायचं, असा त्याचा शिरस्ता. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला. मुलगी लक्ष्मी हिनं भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधलं, त्याचाही लेख आहे. खांबांवरून हात फिरवताना मला सेनापतीपेक्षा ती बहीणच जास्त आठवत राहिली.

म्हणजे सुलतान आले तेव्हा यंत्र आधीपासून चालू होतं. देवाला जमीन लावली की तिथे पुजारी राहतो, गुरव राहतो, जत्रा भरते, बाजार बसतो, बाजारावर जकात बसते. नव्या राज्यकर्त्यांनी चाक तेच ठेवलं, वंगण बदललं.

अंबाजोगाईतच दासोपंतांची समाधी आहे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. 'गीतार्णव' लिहिला तो सव्वा लाख ओव्यांचा, आणि 'पासोडी' लिहिली ती कापडावर, सुमारे ४० फूट लांब. गावात थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशी त्यांच्या घराण्याची दोन देवघरं आहेत. त्यांच्या वाङ्मयावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मला मात्र त्यांच्या लहानपणची कथा हवी होती, कारण तीत अख्खं महसूल खातं आहे.

वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे, बीदरच्या बरीदशाहीच्या चाकरीत. दुष्काळ पडला. दिगंबरपंतांनी सरकारी कोठारातलं धान्य वाटून टाकलं आणि भरणा थकला. सुलतानानं मुलाला ओलीस ठेवून घेतलं. महिन्याच्या आत बाकी भरली नाही तर मुलाला मुसलमान करणार, अशी अट. घरची माणसं रिकाम्या हातानं परतली. मुलगा बीदरला दत्ताची आळवणी करत राहिला; खर्चाला म्हणून मिळणारे पैसे दान करून टाकायचा. शेवटच्या दिवशी दरबारात एक पाडेवार घोंगडी सावरत हजर झाला. नाव सांगितलं दत्ताजी. पैशांची थैली ओतली, पावती घेतली आणि दिसेनासा झाला.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा हीच. तिथे कोठार फोडल्यावर विठोबा विठू महार होऊन बीदरला गेला आणि रसीद घेऊन आला. दोन्ही कथा लहानपणापासून ऐकलेल्या. पण अंबाजोगाईच्या देवघराबाहेर चपला घालता घालता एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात आली. देव पाडेवार किंवा महार होऊनच का गेला? भव्य रूप घेऊन सुलतानाला का नाही दरडावलं? याचं उत्तर गावगाड्यात आहे. पाडेवार म्हणजे चाकरीवरचा महारच, आणि गावचा भरणा कमरेला बांधून ठाण्यावर पोचवायचं काम महाराचंच होतं. कथा रचणाऱ्यांना सरकारी पैसा कोणाच्या पायांनी चालत जातो ते पक्कं ठाऊक होतं. देवानंही रीत मोडली नाही.

शिवाय देव सुलतानाला मारत नाही, राज्य उलथत नाही. बाकी भरतो. बुडवली असं नाही, माफ करवून घेतली असं नाही, रोख भरली आणि पावती घेतली. राज्य परक्याचं आहे, अट अन्यायाची आहे, धर्मावर घाला येऊ घातलाय. तरी सारा भरलाच पाहिजे हे भक्तांनाही मान्य आहे आणि देवालाही. राज्यसत्ता किती खोल मुरली होती हे ताम्रपटापेक्षा मला या कथेतून जास्त कळतं. आणि त्यातली धमकी खोटी समजू नये. बाकी आणि बाटणं एकाच वाक्यात येऊ शकत होतं, ही भीती त्या काळच्या देशपांड्यांच्या घरात होतीच.

दिवाबत्तीचा हिशेब

बीडमध्ये एका घरी गेलो. कुटुंबाकडे एका छोट्या दर्ग्याची खिदमत पिढ्यानपिढ्या आहे. चहा झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फाइल, फाइलीतून घडीवर विरलेला, मागून चिकटपट्टी लावलेला कागद. "हा आमचा मुंतखब, इनामाचा दाखला." वर उर्दू मजकूर, निजाम सरकारच्या अतियात खात्याचा शिक्का. सोबत मराठी भाषांतराची झेरॉक्स. त्यात गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आणि जमीन कशासाठी दिली ते: मशरूतुल खिदमत. सेवा करण्याच्या अटीवर. सेवा कोणती? ऊद, फुलं, दिवाबत्ती.

मराठवाड्यात असे कागद मंदिरांचेही आहेत. पूजा-अर्चा, नंदादीप, नैवेद्य असा तपशील आणि वर उर्दू मथळा. व्यक्तीच्या पोटापाण्यासाठी दिलेली ती मदतमाश, सेवेच्या अटीवर दिलेली ती खिदमतमाश. हैदराबाद संस्थान गेल्यावर १९५४ च्या इनाम रद्द करण्याच्या कायद्यानं बाकीची इनामं गेली, पण धार्मिक संस्थांच्या इनामांना त्यातून वगळलं. म्हणून सुलतानी काळाची ही एक फांदी आजही हिरवी आहे.

या इनामांची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. इनाम देताना राजा तिजोरीतून दमडी काढत नसे. त्या जमिनीचा जो सारा सरकारात आला असता तो आता देवळाला किंवा दर्ग्याला जाई, इतकंच. बऱ्याचदा जमीन पडीक असे. मुघलांच्या मदतमाशीत तर निम्मी लागवडीची आणि निम्मी पडीक असा नियमच घालून दिला होता. इनामदार ती मोडून लागवडीला आणणार, कुळं बसवणार. म्हणजे पुण्यही लागलं आणि वावरही वाढलं. आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही. इनाम खाणारा पुजारी, काझी किंवा मुजावर हा गावातला राज्याचा फुकटचा माणूस. राज्य बुडालं तर त्याची सनद बुडते, तेव्हा राज्य टिकावं ही त्याची रोजची प्रार्थना.

त्याची धास्ती एकच: राजा बदलला तर? म्हणून सनदेत मजकूर असे की ही हाल व इस्तकबालच्या कारकुनांना लागू आहे, म्हणजे आजच्याही आणि उद्याच्याही. दरसाल नवं खुर्दखत, म्हणजे नवा हुकूम, मागू नये. सनद मोडणाऱ्याला शपथ घातलेली असे. हिंदू असेल तर गाईची आण, मुसलमान असेल तर सुवराची. यादव-शिलाहारांच्या काळात हेच काम गधेगाळ करी, तो गाढव आणि बाई कोरलेला दगड. त्यातली शिवी इतकी ओंगळ की इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. दगडावरची शिवी जाऊन कागदावर शपथ आली, ती दोन धर्मांना समसमान वाटून.

वतनाचा वाद निघाला की मजलिस बसे. काझी, देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, बलुतेदार, सगळे एका बैठकीला. निवाड्याचा महजर होई. त्यावर काझीचा शिक्का, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा वस्तरा. शरियतचा न्यायाधीश नांगराशेजारी शिक्का उमटवतोय, हे त्या काळच्या राज्याचं खरं चित्र. हिशेब मोडीत, मराठीत. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहानं १५३५ मध्ये गादीवर आल्यावर दफ्तर फारसीतून काढून देशभाषेत आणल्याचं फिरिश्ताच सांगतो. वसूल, बाकी, जमा, अर्ज, तहसील हे शब्द आज तलाठी सज्जावर वापरताना कुणाला परके वाटतात?

पाथरीचे नातेवाईक

माजलगावहून गोदावरी ओलांडून पुढे गेलं की पाथरी. जिल्हा परभणीचा, पण माजलगावकरांची सोयरीक तिकडेच. विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेनं एक ब्राह्मण पोर पकडून आणलं, तिमाभट नावाचं. घराणं मूळचं पाथरीचं, कुळकर्णीपण सांगणारं. पोर मुसलमान झालं, मलिक हसन नाव झालं, वाढत वाढत बहमनी राज्याचा मुख्य वजीर झालं. त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाही थाटली आणि पुढे अहमदनगर वसवलं. बीड पुढे याच राज्यात होतं.

तिसऱ्या पिढीतल्या बुऱ्हाण निजामशहानं वऱ्हाडच्या इमादशहाला निरोप धाडला: पाथरी आमच्या पूर्वजांचं गाव, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहा ऐकेना. १५१८ मध्ये बुऱ्हाणनं पाथरी लढून घेतली आणि तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकली. धर्म बदलून दोन पिढ्या झालेल्या सुलतानाला गावकीची ओढ सुटली नव्हती. मराठी माणूस, दुसरं काय!

याच बुऱ्हाणनं १५३७ मध्ये राज्याचा पंथ बदलला. इराणातून आलेला शाह ताहिर हा विद्वान त्याच्या दरबारी होता. सुलतानाचा मुलगा अब्दुल कादर तापानं फणफणला. शाह ताहिरनं सुचवलं, मूल वाचलं तर बारा इमामांच्या नावानं खुतबा वाचा. मूल वाचलं. सुन्नी सरदार चिडून वाड्यावर चालून आले, पण बुऱ्हाण मागे हटला नाही. कारण फक्त नवसाचं नव्हतं. शिया झालं की इराणच्या सफवी दरबाराशी थेट नातं जुळतं, तिकडची माणसं येतात. १५८९ मध्ये जमालखान नावाच्या सरदाराच्या हाती कारभार गेला, त्यानं महदवी पंथ राज्याचा पंथ केला. दोन वर्षांत दुसरा बुऱ्हाण आला, त्यानं पुन्हा शिया केलं. पन्नास-पंचावन्न वर्षांत राज्याचा पंथ तीनदा फिरला, आणि या सगळ्या काळात बीड परगण्यातल्या पाटलाची मिरास जिथल्या तिथे. शुक्रवारच्या खुतब्यात कोणाची नावं वाचली जातात याची झळ नगरच्या दरबाराला. वावरात राबणाऱ्याला पाऊस आणि वसूल, दोनच गोष्टी लागू.

पावसाचा विषय निघाला म्हणून खजाना बावडी. बीडपासून सहा किलोमीटर, सोलापूरच्या रस्त्याकडे. मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखान या जहागीरदारानं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बांधवली. राजा भास्कर हा स्थापत्यकार होता असं सांगतात. गोल विहीर. खाली उतरलं की गार वाफ अंगावर येते. आत तीन भुयारी नाले: दोन पाणी आणतात, तिसरा उतारानं शहराकडच्या मळ्यांना नेतो. मोट नाही, रहाट नाही, वीज नाही. जिल्ह्यानं दुष्काळावर दुष्काळ पाहिले, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पण ही विहीर ठणठणीत आटल्याचं कुणी सांगत नाही. कडेला बसलेल्या पोराला विचारलं, कोणी बांधली? "राजानं." कुठल्या? "पानी देनाऱ्या."

किल्लेदाराचा गुरू, मुसलमानांचे नाथ

आष्टी तालुक्यातलं वाहिरा. श्रीगोंद्याचे शेख महंमद मूळचे इथले. वडील राजे महंमद, आई फुलाई. 'योगसंग्राम' हा त्यांचा मराठी ग्रंथ १६४५ चा. स्वतःला ते सरळ 'अविंध' म्हणवून घेतात आणि पुढच्या ओवीत विठ्ठलाकडे वळतात. त्यांचे गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले. याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य जनार्दनस्वामी, आणि जनार्दनस्वामी कोण, तर निजामशाहीतले देवगिरीचे किल्लेदार. त्यांचे शिष्य पैठणचे एकनाथ. वारकरी परंपरेचा इतका मोठा खांब एका सूफी फकिराच्या आणि एका सुलतानी किल्लेदाराच्या ओसरीवर उभा आहे. किल्लेदार दत्ताची पूजा करी, गुरू म्हणून फकिराचे पाय धरी आणि पगार निजामशहाचा घेई. यात त्याला अडचण वाटल्याचं कुठे दिसत नाही. अडचण आपल्याला वाटते.

शेख महंमदांना श्रीगोंद्याला नेऊन मठ बांधून दिला तो मालोजी भोसल्यांनी. मुलगा होत नव्हता म्हणून नगरच्या शाह शरीफांना नवस बोलले, आणि पोरांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ते हेच मालोजी. नव्यानं वर येणाऱ्या सरदाराला मुलखात मुळं धरायची होती. तुघलकानं दात पुरला, मालोजींनी संत वसवला.

गर्भगिरीच्या डोंगररांगेत नाथांची ठाणी आहेत. सावरगावजवळचा मायंबा मच्छिंद्रनाथांचा, पाटोदा तालुक्यातल्या चिंचोलीला गहिनीनाथ, येवलवाडीला जालंदरनाथ, पलीकडे नगर जिल्ह्यात मढीला कानिफनाथ. 'नवनाथ भक्तिसार' ग्रंथाच्या शेवटी या जागांची एक मजेदार हकिकत येते. औरंगजेबानं विचारलं, या समाध्या कुणाच्या? लोक म्हणाले, तुमच्याच पूर्वजांच्या. मग बादशहानं नावं बदलली: जालंदरनाथ झाले जानपीर, गहिनीनाथ झाले गैबी पीर. ग्रंथातले शक जुळत नाहीत, इतिहास म्हणून हे टिकणार नाही. पण यातलं लोकांचं उत्तर बघा. बादशहाला सामोरं जायचं नाही, खोटंही पुरतं बोलायचं नाही. तुझाच बाप आहे म्हणायचं आणि समाधी वाचवायची. आता काही ठिकाणी ही दोन नावं कोर्टात एकमेकांसमोर उभी आहेत. आणि दसऱ्याला गडांवरचे मेळावे, उतरणारी हेलिकॉप्टरं, हा वेगळ्या लेखाचा विषय. तो मी मागितला नाही, संपादकांनी दिलाही नाही.

बीडला परतल्यावर मन्सूरशहांच्या दर्ग्यात गेलो. महादजी शिंदे त्यांना गुरू मानत. पानिपतावरून लंगडत परतलेला, पुढे दिल्लीच्या बादशहाचा मुखत्यार झालेला हा मराठा सरदार. याच महादजींनी शहाआलम बादशहाकडून गोवधबंदीचं फर्मान काढून घेतलं. गुरू बीडचा फकीर, फर्मान मुघलाचं, रक्षण गाईचं. आजच्या कुठल्याच झेंड्याखाली हा माणूस नीट बसत नाही. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या घरात मन्सूरशहांचा मान अजून राखतात. बीडच्या दर्ग्यात मी गेलो त्या दुपारी एक म्हातारा झाडू मारत होता आणि एक मांजर थडग्याच्या सावलीत झोपलं होतं.

मालकाचा अंगठा

निघायच्या आदल्या दिवशी एका गावात देवस्थान इनामाची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याकडे थांबलो. घरात आवराआवर चाललेली. दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला जाणार होते, कोयत्याची उचल मुकादमाकडून घेतलेली. उचलीला जामीन म्हणून चुलतभावाचा अंगठा.

त्यांनी सातबारा दाखवला. भोगवटादाराच्या रकान्यात देवाचं नाव, खाली पुजाऱ्याचं. हे कसणार, तेही तोंडी. देवस्थानांच्या आणि वक्फच्या जमिनी परस्पर विकल्याचे गुन्हे जिल्ह्यात नोंदले गेल्यापासून कागद फार बारकाईनं बघतात, म्हणाले. कर्ज मिळत नाही. यंदा पावसानं सोयाबीन गेलं तर भरपाईला नाव कुणाचं लावायचं, हा घोळ.

"सेंटरवर गेलतो," ते सांगत होते. "त्यो पोरगा म्हनला, मालकाचं आधार कार्ड आना."

"मग?"

"मग काय. म्हनलं, मालक देवळात बसलाय. तूच जा आन् अंगठा घेऊन ये."

आतून बायको हसली आणि कोयत्याला पोतं गुंडाळायला लागली.